पानमळ्यावरची रेघ

दादासोला कुणी रामराम घातला तरी तो आधी मागं वळून बघायचा, की हा नक्की मलाच घातला का. मलाच घातला असेल तर का घातला. आज का घातला, काल का नाही घातला. एवढं सगळं मनात फिरवून झालं की मग तोंडातल्या तोंडात "राम" म्हणायचा. तोवर समोरचा माणूस पुढच्या वळणाला गेलेला असायचा.

माझं रान त्याच्या रानाला लागून आहे. मध्ये एक बांध. दरसाल उन्हाळ्यात तो त्या बांधावरून चालत जातो, परत येतो आणि माझ्याकडं बघतो. मी विचारतो, "काय, कोरला का मी बांध?" तो म्हणतो, "कोरला म्हणलं का मी? बघतूय नुसतं." असा हा माणूस. मला त्याचा राग येतो, लय राग येतो, आणि तरी सकाळचा चहा मी त्याच्याच मळ्यात पितो. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आमचं गाव मिरजेच्या पूर्वेला. गावात ऊस आहे, द्राक्षं आहेत, पण जुन्या माणसाला विचाराल तर तो पानमळ्याचंच सांगेल. आता ते मळे मोजकेच राहिलेत. दादासोचा त्यातला एक, आणि सगळ्यात देखणा. बाहेरून बघणाऱ्याला तो दिसतच नाही. रस्त्यावरून दिसते ती शेवरीची, पांगऱ्याची, शेवग्याची दाटी; गुराख्यालासुद्धा वाटावं की इथं काही नाही, नुसतं रान माजलंय. आत शिरलं की मग कळतं. झाडा-झाडाला विड्याच्या पानांचा वेल बांधलेला, खाली ओली गार माती, उन्हाचा कवडसा नाही, आणि दादासो बोटाला पत्र्याची नखी लावून पान खुडत उभा. वर्षातून एकदा वेल खाली उतरवायचा, त्याचं वेटोळं करून मातीत पुरायचं, शेंडा पुन्हा झाडाला बांधायचा. ह्या कामात दादासोचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही. बाकी त्याला काही येत नाही. ऊस लावला तर वाळवेल, शेळी पाळली तर हरवेल.

पानमळ्यात पायताण घालून जायचं नाही, हे आमच्याकडं बारक्या पोरालाही कळतं. वेल सोवळा असतो असं जुनी माणसं म्हणतात. रोग पायातून येतो असं कृषी खात्याचे साहेब म्हणतात. काही का असेना, चपला बाहेर. आणि अनोळखी माणूस तर आत नाहीच. हा रिवाज सगळ्यांचा, पण दादासोच्या स्वभावाला तो असा काही मानवला की विचारू नका. त्याच्या मळ्यात त्याची बायको हरणाबाई आणि मी, एवढीच माणसं जाणार. सख्खा भाऊसुद्धा दारातूनच हाक मारायचा.

मागं एका उन्हाळ्यात दोन माणसं गावात फिरत होती. एक चष्मेवाला आणि एक तरुण बाई. हातात पाटीएवढा मोबाइल, पायात बूट. कुणाच्या रानात काय आहे ते टिपत होती. दादासोनं त्यांना लांबूनच हेरलं आणि मळ्याच्या तोंडाशी जाऊन हात आडवा लावून उभा राहिला. मी बांधावरून ऐकत होतो. त्या बाईनं विचारलं, "काका, आत काय आहे?" हा म्हणाला, "काय न्हाई." ती म्हणाली, "बघू का जरा?" हा म्हणाला, "बुटं घालून? काय नगं. झाडी हाय. पडीक हाय." ती दोघं निघून गेली. मग हा माझ्याकडं येऊन म्हणतो, "नाथाजी, पाणीपट्टी वाढवायला आलेली दिसत्यात. आपल्याला काय खुळं समजत्यात." लय खूष होता त्या दिवशी. चहात जादा साखर घालायला लावली हरणाबाईला.

आता त्याच्या भावाचं सांगतो. लालासाहेब म्हणजे दादासोचे थोरले बंधू. फौजेत सुभेदार होऊन परत आले. वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा कालव्याकडचा उसाचा तुकडा लालासाहेबांना आला आणि पानमळा दादासोला. विहीर दोघांत. दादासोला हवा होता तोच मळा मिळाला, तरी त्याच्या डोक्यात भुंगा शिरलाच. म्हणायचा, "आण्णानं मळा एवढा सुखासुखी कसा सोडला? कायतरी ठावं आसनार त्याला." मी म्हणायचो, "आरं गड्या, त्यांना पानातलं काय कळतं? सारी हयात बर्फात काढली त्यांनी." पण ह्याचं ते पालुपद चालूच.

कुपवाडकडून कारखान्यांच्या शेडा सरकत सरकत येत होत्या, मिरजेकडून प्लॉट येत होते. आमच्या फाट्यावरही 'बिगरशेती प्लॉट विकणे आहे' अशी पाटी लागली. ती लावणारा ऋषिराज नावाचा एजंट. गोरा, गोड बोलणारा, पांढरी गाडी. त्याचा बाप लालासाहेबांच्या पलटणीत होता, म्हणून ती पांढरी गाडी लालासाहेबांच्या दारात थांबायला लागली. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते बरं दिसलं नाही. एजंट काय कुणाच्या घरी पाहुणचाराला जातो का?

आणि मग नकाशा आला. सगळ्या भागाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा. कुठं शेती राहणार, कुठं घरं होणार, कुठून रस्ते जाणार. त्याचा मसुदा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. हिरवं म्हणजे शेती, पिवळं म्हणजे वस्ती, आणि जाड काळी रेघ म्हणजे नवा मोठा रस्ता. ज्याला हरकत घ्यायची त्यानं मुदतीत घ्यावी, असं खाली लिहिलं होतं. सगळा गाव तिथं जमला. जो तो आपलं रान शोधत होता आणि शोधता शोधता दुसऱ्याचं बघत होता.

कालव्याकडचा सगळा ऊस हिरवा. लालासाहेबांचा तुकडा हिरवागार. आणि त्याला चिकटून दादासोचा पानमळा पिवळा, त्याच्या बरोबर पोटातून ती काळी रेघ गेलेली.

दादासोनं रेघेवर बोट ठेवलं. बोट तिथंच ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. लोक ढकलाढकली करत होते, तरी हलला नाही. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "बघितलंस? भावाचं हिरवं, माझं पिवळं. आता सांग, कुणाला काय ठावं हुतं." माझ्याही मनात त्या घडीला ती पांढरी गाडीच आली.

घरी हरणाबाईनं चूल पेटवली नाही. मला म्हणाली, "भाऊजी, मळा गेला तर ह्या माणसाचं काय करू वो मी? ह्यास्नी दुसरं कायसुदीक येत न्हाई." ती खोटं बोलत नव्हती. रस्ता झाला असता तर मोबदला मिळाला असता, पण मोबदल्याला वेल बांधता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीसमोर, सगळ्यांच्या देखत, दादासोनं भावाला गाठलं. लालासाहेब हातात कॅन घेऊन रांगेत उभे होते. हा म्हणाला, "आण्णा, किती दिलं रं त्या ऋषिराजनं?" लालासाहेबांनी विचारलं, "कशाचं?" तर हा सुटलाच. "फौजेत देश राखलास म्हणं. आनि घरी यून भावाला इकलास. आईच्या हातचा मळा हाय त्यो. तुझ्या तोंडात किडं पडतील." असलं बोलला. मी दंडाला धरून ओढलं तर मलाच झटकलं. रांगेतली माणसं कॅनमध्ये डोकं घालून उभी राहिली. लालासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दूध घातलं, पावती घेतली आणि निघून गेले. एक शब्द नाही.

न बोलणारा माणूस आपल्याकडं चोर ठरतो. गावानं ठरवून टाकलं. आणि दादासोच्या संशयावर तर शिक्कामोर्तबच झालं. त्यानं विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं. भावाची पाण्याची पाळी बंद. ऐन उन्हाळ्यात, कालवा कोरडा असताना, लालासाहेबांचा ऊस पिवळा पडायला लागला. मी माझ्या बोअरचं पाणी त्यांना पाइपनं दिलं, तर दादासो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विचारतो, "तुलाबी कायतरी मिळालं काय रं?" असा संताप आला मला. वाटलं, ह्याच्या मळ्यावरून रस्ता जाऊ दे, त्यावरून ट्रक जाऊ दे, मला काय. पण सकाळी चहाला गेलोच.

हरकत घ्यायची तर आराखडा करणाऱ्या कार्यालयात जाऊन नीट विचारलं पाहिजे, असं मी त्याला पटवलं. पटवलं म्हणजे काय, मी एकटाच जातो म्हणालो, तेव्हा मी परस्पर काही करीन ह्या भीतीनं तो आला. गाडीवर मागं बसून सबंध वाटभर माझ्या खांद्यावरून पुढं बघत होता, मी गाडी भलतीकडं तर वळवत नाही ना म्हणून.

कार्यालयात संयोगिता मॅडम नावाच्या अधिकारी होत्या. बाई शांत. आमचं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे बघा, चांगली बागायत वाचवायची असंच आमचं धोरण आहे. म्हणूनच रस्ता उसातून नेला नाही. जिथं पडीक जमीन होती तिथूनच नेला."

दादासो म्हणाला, "पडीक? माझा मळा पडीक? कुनी सांगितलं तुमाला? त्याचं नाव सांगा फकस्त."

मॅडमनी पलीकडच्या टेबलावर बसलेल्या बाईला हाक मारली. तिकडची पाहणी हिनंच केली होती म्हणाल्या. ती बाई आली, तिनं दादासोकडं बघितलं आणि तिला ओळख पटली. मलाही पटली. आज पायात चप्पल होती, एवढाच फरक.

ती म्हणाली, "काका, तुम्हीच ना ते? तुम्ही आम्हाला आत येऊ दिलं नव्हतं. मी विचारलं आत काय आहे, तर म्हणालात, झाडी हाय, पडीक हाय. बाहेरून दिसतही तसंच होतं. मालकच सांगतायत म्हटल्यावर आम्ही तसं लिहिलं."

दादासोनं टोपी काढली, परत घातली. मॅडमनी पाणी मागवलं. तो प्यायला नाही. हरकतीचा अर्ज मी लिहिला, त्यानं नुसती सही केली, आणि मॅडम म्हणाल्या, मी स्वतः येऊन जागा बघते, मग सुनावणीत ठरेल.

परत येताना मी वाट बघत होतो, आता हा काहीतरी बोलेल. भावाचं नाव काढेल, चुकलो म्हणेल. मिरजेचं स्टेशन मागं पडलं तेव्हा मागून आवाज आला, "नाथाजी, त्या पोरीला त्या दिवशी आण्णानंच धाडलं नसंल कशावरनं?" मी गाडी थांबवली. म्हटलं, उतर खाली. तो उतरला. मी पुढं गेलो, आणि झक मारत परत आलो त्याला घ्यायला. तो तसाच उभा होता, मला बघून म्हणाला, "परत का आलास?"

मॅडम आल्या त्या दिवशी दादासो पहाटेपासून मळ्यात झाडलोट करत होता. गाडी थांबली तेव्हा रस्त्याच्या कडेला लालासाहेब उभे दिसले. कधी आले होते कोण जाणे. मॅडम उतरल्या तेव्हा तेच पुढं झाले आणि म्हणाले, "मॅडम, आत पायताण चालत न्हाई. तेवढं पाळा. माझा भाऊ बोलनार न्हाई, पर त्याच्या जिवाला लागंल." मॅडमनी चपला काढल्या आणि आत गेल्या. दादासो त्यांना वेल दाखवत होता. पान उताणं करून दाखवत होता, पालथं करून दाखवत होता. एरवी कुणाला काही न सांगणारा माणूस, त्या दिवशी त्याला थांबता येत नव्हतं. मातीत पुरलेली वेटोळीसुद्धा उकरून दाखवली.

मॅडम बाहेर आल्या. दादासो आतच होता, त्यांच्यासाठी पानं खुडत. त्या मला म्हणाल्या, "मळा चालू बागायत आहे हे मी लिहिते. पण रस्ता लागणारच आहे. इथून नाही तर कुठून न्यायचा?"

कुणाच्या रानाकडं बोट दाखवायचं? दाखवलं तर जन्माचं वैर. मॅडम वाट बघत होत्या.

लालासाहेब म्हणाले, "इकडनं घ्या." आणि त्यांनी हात केला तो स्वतःच्या उसाकडं.

मॅडमनी विचारलं, "हे रान कुणाचं?" ते म्हणाले, "माझंच हाय. तसं लिहून देतो, हरकत न्हाई म्हनून."

गाडी गेली. मी लालासाहेबांकडं बघत राहिलो. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, ह्यात काहीतरी मेख आहे. इतका भला माणूस आम्ही कुणी बघितलेलाच नाही. आणि ती पांढरी गाडी माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. मी विचारलंच, "आवं सुभेदार, ऋषिराज म्हणला का असं करा म्हणून? रस्त्याकडंच्या रानाला भाव येतो म्हणं."

ते हसले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, "ऋषिराजला मी कवाच न्हाई म्हणून सांगितलं. माझं रान मागायला यायचा, त्याचा बाप आठवून मी चहा पाजायचो, एवढंच. आनि रस्ता गेल्यावर काय राहतंय? दोन्ही कडंला चिंधोट्या. तिथं ना घर बसतंय, ना ऊस."

"मग का?"

"मला पेन्शन हाय, नाथाजी. दादूला पान सोडून दुसरं काय येतंय रं?"

आणि गेले. जाताना म्हणाले, "त्याला सांगू नगंस. त्याला वाटंल, मी उपकार करतूय."

मी सांगितलं नाही. सुनावणी झाली, पावसाळा गेला, मग बदललेला नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. पानमळा हिरवा. काळी रेघ वाकडी होऊन लालासाहेबांच्या उसातून गेलेली. गावानं आता उलटं बोलायला सुरुवात केली. म्हणे, सुभेदारानं बरोबर डाव साधला, आता त्याच्या रानाला भाव येणार. ह्या गावाला उकळत्या तेलात घातलं तरी ते तेलात भेसळ आहे का म्हणून विचारेल.

त्या संध्याकाळी दादासो माझ्या बांधावर आला. मला वाटलं, मळा वाचला म्हणून पेढे घेऊन आला असेल. कसले पेढे! बसला आणि म्हणाला, "नाथाजी, आण्णाचा ह्यात काय डाव आसंल रं?"

मग माझा तोल गेला. मी सगळं सांगितलं. मॅडमनी काय विचारलं, लालासाहेबांनी कुठं हात केला, काय म्हणाले, तुला सांगू नको म्हणाले, सगळं. पेन्शनचं सांगितलं. "तुला पान सोडून दुसरं काय येतंय" हेही सांगितलं. वर म्हणालो, "डेअरीपुढं त्या माणसाच्या तोंडात किडे घातलेस तू. त्याचं पाणी तोडलंस. आणि त्यानं तुझ्या मळ्यावरचा रस्ता स्वतःच्या रानावर घेतला. आता काढ, काय शंका काढायची ती काढ."

दादासो मातीतलं ढेकूळ उचलून फोडत बसला. एक फोडलं, दुसरं घेतलं. मग म्हणाला, "तू खोटं बोलतुयास."

"कशाला खोटं बोलू?"

"न्हाई, बोल. खोटंच बोल." त्यानं हातातलं ढेकूळ टाकून दिलं. "आण्णानं पैसं खाल्लं म्हनून सांग. ऋषिराजनं दिलं म्हनून सांग. थोडंसं खाल्लं आसलं तरी चालंल. त्यानं कायतरी खाल्लं आसलं, तर मी त्याच्या दारात जाईन, म्हनीन, जाऊ दे आण्णा, झालं गेलं. पर त्यानं कायच केलं नसंल, तर मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

एवढ्या वर्षांत त्यानं मला एक गोष्ट मागितली, तीही मला देता आली नाही.

परवा लालासाहेबांच्या उसात रस्त्याच्या खुंट्या ठोकल्या. ते स्वतः उभे राहून जागा दाखवत होते. दोघा भावांची घरं समोरासमोर आहेत, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी वाट. दादासो अजून ती ओलांडून गेलेला नाही.